पायांना वाट देणारा घेर

बॅले कधीच न पाहिलेल्या माणसालाही टुटू ओळखता येतो. कमरेपासून चहूबाजूंना आडवा पसरलेला जाळीचा पांढरा घेर, त्याखाली मोकळे पाय आणि अंगठ्यांच्या टोकांवर तोललेलं सगळं शरीर. केकवरची बाहुली, संगीतपेटी, शुभेच्छापत्रं, लहान मुलींच्या वाढदिवसाच्या फ्रॉकची दुकानं, सगळीकडे ही आकृती इतकी फिरली आहे की तिची मोहिनी कशात आहे, हे विचारावंसंच कोणाला वाटत नाही. परीसारखी दिसते म्हणून आवडते, असं उत्तर तयार असतं. मला ते अपुरं वाटतं. परीसारखे दिसणारे कितीतरी पोशाख रंगभूमीवर आले आणि फॅशन बदलताच पेटाऱ्यात गेले. टुटू मात्र पावणेदोनशे वर्षांहून जास्त काळ टिकला, आणि तोही एकाच रूपात नव्हे. त्याची लांबी बदलली, कापड बदललं, कडकपणा वाढला, पुन्हा कमी झाला. हे बदल नीट तपासले तर लक्षात येतं की त्यातला जवळजवळ प्रत्येक बदल नाचाच्या गरजेतून झाला. नर्तकीच्या पायांनी नवं काही आत्मसात केलं की कापडाला आपली जागा बदलावी लागली. टुटू टिकला तो त्या नाचात काम करतो म्हणून, आणि त्याचं सौंदर्य या कामातून आलेलं आहे, असं माझं म्हणणं आहे.

सुरुवातीला बॅले हा राजदरबारातला आणि मुख्यतः पुरुषांचा नाच होता. चौदावा लुई स्वतः नाचत असे आणि 1661 मध्ये त्याने पॅरिसला नृत्याची अकादमी स्थापन केली. पॅरिस ऑपेराच्या रंगमंचावर व्यावसायिक नर्तकी आल्या त्या 1681 मध्ये. पुढे कितीतरी वर्षं त्यांचे पाय जमिनीपर्यंत पोचणाऱ्या जड घाघऱ्यांत झाकलेलेच होते. गंमत म्हणजे त्या काळी कमरेभोवती ताठ उभारलेला आखूड घेर पुरुष नर्तक घालत, आणि अवघड उड्या, पायांच्या करामती हेही त्यांचंच क्षेत्र मानलं जाई. पाय ज्याचे नाचणार, त्याचे पाय दिसणार, हा नियम टुटूच्या जन्माआधीच लागू होता. 1726 मध्ये पॅरिस ऑपेरात पदार्पण करणाऱ्या मारी कामार्गोने तो बायकांकडे आणला. हवेत उडी घेऊन पाय झटपट एकमेकांपुढे-मागे करण्याची जी करामत पुरुषांची समजली जात होती, ती तिने साधली होती. घाघरा जमिनीवर लोळत असता तर हे कौशल्य तिच्यापुरतंच राहिलं असतं. तिने तो घोट्याच्या वर नेला. निकोला लांक्रेने काढलेल्या तिच्या नाचाच्या चित्रात तो आखडलेला घेर आणि त्याखालची पावलं स्पष्ट दिसतात. तिची समकालीन मारी साले हिने 1734 मध्ये लंडनला घाघऱ्याखालचे सांगाडे, विग वगैरे सगळं टाकून साधं मलमलीचं वस्त्र घातलं, कारण तिला अभिनय करायचा होता आणि त्यासाठी धड मोकळं हवं होतं. एक पायांसाठी कापड कमी करत होती, दुसरी धडासाठी. टुटूने पुढे या दोन्ही मागण्या एकत्र पुऱ्या केल्या.

12 मार्च 1832 रोजी पॅरिस ऑपेरात ‘ला सिल्फीद’चा पहिला प्रयोग झाला. वायुरूप अप्सरेच्या भूमिकेत होती मारी ताल्योनी आणि नृत्यरचना होती तिचे वडील फिलिप्पो ताल्योनी यांची. त्यांनी मुलीकडून कठोर मेहनत करून घेतली होती. अंगठ्यांच्या टोकांवर उभं राहणं आधीही इतरांनी करून दाखवलं होतं, पण तो कसरतीचा प्रकार वाटे. ताल्योनीने तेच असं केलं की तिचं वजनच नाहीसं झाल्याचा भास व्हावा. तिच्या पोशाखाचं श्रेय चित्रकार युजेन लामी यांना दिलं जातं: घट्ट चोळी, उघडे खांदे आणि पोटरीपर्यंत येणारा, घंटेच्या आकाराचा, एकावर एक थर असलेला पांढरा झिरझिरीत घाघरा. यालाच पुढे रोमँटिक टुटू म्हणू लागले. तो नेमका पोटरीपाशीच का थांबला? ताल्योनीच्या कौशल्याचं केंद्र पावलात आणि घोट्यात होतं, म्हणून तेवढं उघडं राहायला हवं होतं. त्याच्या वरचं कापड मात्र भरपूर हवं होतं, कारण उडीनंतर शरीर खाली आलं तरी हलक्या कापडाला खाली यायला क्षणभर उशीर होतो आणि ती अजून हवेतच आहे असं डोळ्यांना वाटतं. शिवाय रंगमंचावर आता गॅसचे दिवे आले होते. त्या उजेडात पांढरे थर प्रकाश पिऊन आतून उजळल्यासारखे दिसत. आदल्याच वर्षी मायरबेअरच्या ‘रोबेर ल दियाब्ल’ या ऑपेरात पांढऱ्या वेशातल्या मृत जोगिणींच्या नाचाने पॅरिसला या परिणामाची चटक लावली होती. 1841 मध्ये ‘जिझेल’ आलं तोवर चंद्रप्रकाशातला पांढऱ्या नर्तकींचा ताफा हे बॅलेचं ओळखचिन्हच झालं होतं.

यामागे कारखान्याचाही हात होता. बॉबिननेट हे षटकोनी भोकांचं जाळीचं कापड यंत्रावर विणण्याचं तंत्र जॉन हीथकोटने 1809 पर्यंत इंग्लंडात पक्कं केलं होतं. यंत्रांमुळे पोटावर पाय येणाऱ्या कारागिरांनी 1816 मध्ये त्याचा लफबरोचा कारखाना फोडला, तेव्हा त्याने आपला व्यवसाय डेव्हनमधल्या टिव्हर्टनला हलवला. हाताने विणलेली जाळी श्रीमंतांच्या लेसपुरती होती. यंत्राने ती स्वस्त केली, आणि एका नर्तकीच्याच काय, अख्ख्या ताफ्याच्या अंगावर थरावर थर चढवणं परवडू लागलं. जोडीला टार्लटन हे खळ दिलेलं, विरळ विणीचं सुती कापड वापरात होतंच. एदगार दगा या चित्रकाराच्या चित्रांतल्या सराव करणाऱ्या मुलींचे गुडघ्यापर्यंतचे फुगीर घाघरे याच जातीचे. 1881 मध्ये त्याने चौदा वर्षांच्या नर्तकीचा मेणाचा पुतळा प्रदर्शनात मांडला, तेव्हा तिला खऱ्या कापडाचा घाघरा नेसवला होता. बाकी शरीर मेणात घडवता आलं, पण त्या कापडाला पर्याय त्यालाही सापडला नसावा.

आता पहिला आणि सर्वांत कठीण आक्षेप. नाचाला मदत करणारं हे वस्त्र नाचणाऱ्यांनाच जाळत होतं. विरळ विणीचं सुती कापड, थरांमध्ये खेळणारी हवा आणि शेजारी गॅसची उघडी ज्योत. डिसेंबर 1844 मध्ये लंडनच्या ड्रुरी लेन नाट्यगृहात क्लारा वेब्स्टर ही तरुण नर्तकी प्रयोग चालू असतानाच पेटली आणि काही दिवसांत वारली. 1861 मध्ये फिलाडेल्फियात गेल भगिनी आणि त्यांच्या सोबतच्या नर्तकी एकीला वाचवायला दुसरी धावल्यामुळे होरपळून गेल्या. फ्रान्समध्ये 1859 च्या सरकारी हुकमानुसार रंगमंचावरची कापडं कार्तेरॉन नावाच्या संशोधकाच्या रसायनात भिजवून अग्निरोधक करायची होती. पण त्यामुळे कापड ताठ आणि मळकट होई. एमा लिव्हरी या ताल्योनीच्या लाडक्या शिष्येने असा घाघरा घालायला लेखी नकार दिला. 15 नोव्हेंबर 1862 रोजी ‘ला म्युएत द पोर्तिची’च्या रंगीत तालमीत तिने बसण्यासाठी घाघऱ्याचे थर झटकले, जवळच्या दिव्याची ज्योत त्यांना लागली आणि बघता बघता ती ज्वाळांत सापडली. आठ महिने यातना भोगून जुलै 1863 मध्ये ती गेली. तेव्हा ती अवघी वीस वर्षांची होती. तिच्या जळक्या पोशाखाचे अवशेष पॅरिस ऑपेराच्या ग्रंथालय-संग्रहालयात जपलेले आहेत.

या मृत्यूंना ‘कलेसाठी बलिदान’ म्हणून गोंजारणं मला अनुचित वाटतं. उघड्या ज्योती नाट्यगृहांनी ठेवल्या होत्या आणि त्यांच्यापासून नर्तकींना सुरक्षित ठेवणं ही त्यांचीच जबाबदारी होती. तरुण मुलीची सही घेऊन ती झटकता येत नाही. पण लिव्हरीने नकार का दिला, हे समजून घ्यायला हवं. हट्ट किंवा नटवेपणा म्हणून तो सोडून देणं सोपं आहे. तिची सगळी ख्याती वजनरहित वाटणाऱ्या उड्यांवर उभी होती. रसायनाने ताठ झालेला घाघरा उडीबरोबर वर फुलत नव्हता आणि सावकाश खालीही येत नव्हता. म्हणजे तिच्या नाचातला अर्धा परिणाम त्याने पुसला असता. पोशाख ही वरून चढवलेली सजावट असती, तर त्यासाठी कोणी एवढी जोखीम पत्करली नसती. पुढे विजेचे दिवे आले आणि हा धोका ओसरला.

टुटू आखूड कसा झाला याची गोष्ट पॅरिसबाहेरची आहे. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी मिलानच्या शाळांतून तयार झालेल्या नर्तकी साऱ्या युरोपभर गाजत होत्या. त्यांच्या चपलांची टोकं जास्त कडक केलेली असत, त्यामुळे एकाच पायाच्या टोकावर गिरक्यांमागून गिरक्या घेणं त्यांना शक्य झालं. व्हर्जिनिया झुकी 1885 मध्ये सेंट पीटर्सबर्गला आली, तेव्हा शाही रंगभूमीवरच्या लांब घाघऱ्यात नाचायला तिने नकार दिला आणि गुडघ्याच्या वर येणारा घेर तिथे रूढ केला. 1895 मध्ये ‘स्वान लेक’च्या नृत्यरचनाकार पेतिपा आणि इव्हानोव्ह यांनी नव्याने बांधलेल्या प्रयोगात पिएरिना लेन्यानीने एका पायावर सलग 32 फुएते घेतले. फुएते म्हणजे मोकळा पाय चाबकासारखा फेकून त्याच्या जोरावर घेतलेली गिरकी. या करामतीचं केंद्र मांडीत आणि खुब्यात असतं. पोटरीपर्यंतच्या घाघऱ्यात ती केली तर कापडच पायात गुंडाळलं जाईल, आणि प्रेक्षकाला गरगरणाऱ्या पांढऱ्या ढिगापलीकडे काही दिसणार नाही. कामार्गोचं कौशल्य घोट्यात होतं म्हणून घोटा दिसला. ताल्योनीपर्यंत घेर पोटरीपाशी आला. लेन्यानीला अख्खा पाय हवा होता, आणि कापडाने वर सरकून त्याला वाट दिली. विसाव्या शतकात तर तो घेर खाली पडायचाच थांबला आणि तारेच्या कड्याच्या आधाराने जमिनीला समांतर, थाळीसारखा आडवा झाला.

ही थाळी कशी उभी राहते हे जवळून पाहण्यासारखं आहे. टुटूचे तीन भाग असतात: वर घट्ट चोळी, कमरेपासून खुब्यापर्यंत बसणारा पट्टा आणि खाली चड्डी. घेर कमरेला जोडलेला असतो असं वाटतं, पण जाळीचे थर खरं तर या चड्डीवर शिवलेले असतात. साधारण दहा-बारा थर. सर्वांत खालचा थर मांडीपाशी, जेमतेम काही सेंटिमीटर रुंदीचा. त्यावरचा प्रत्येक थर आधीच्यापेक्षा थोडा रुंद. प्रत्येकाला दाट चुण्या घातलेल्या, त्यामुळे एका टुटूत कितीतरी मीटर जाळी जिरते. आपल्याकडे लेहंग्याला फुगवटा यावा म्हणून आतून शिंपी जी कडक जाळी लावतात आणि जिला कॅनकॅन म्हणतात, तिच्याच कुळातलं हे कापड. खालचे आखूड थर वरच्या रुंद थरांना उचलून धरतात. मधल्या एका थरात नळीसारखी पट्टी शिवून तिच्यातून तारेचं किंवा पोलादी पट्टीचं कडं ओवतात. मग सगळे थर कच्च्या, सैल टाक्यांनी एकमेकांत गुंतवायचे. हे टाके घट्ट ओढले तर थर चपटे होऊन पुठ्ठ्यासारखे दिसतात, आणि फार ढिले ठेवले तर प्रत्येक थर आपापल्या दिशेने पळतो. त्यांचा ताण किती ठेवायचा हे शिवणाऱ्या हातालाच कळतं. चोळी अनेक तुकड्यांची असते. श्वास घेताना बरगड्या फुलल्या पाहिजेत, पण जोडीदाराने कमरेला धरून उचललं की कापड सरकता कामा नये. पाठीमागे चेन लावत नाहीत, कारण ती प्रयोगात अडकली किंवा तुटली तर इलाज नसतो. म्हणून हूक असतात, आणि ते दोन-तीन रांगांत, म्हणजे वेगवेगळ्या मापांच्या नर्तकींना तोच टुटू बसवता येतो. नाट्यगृहांतल्या जुन्या टुटूंच्या आतल्या फितीवर एकाखाली एक अशी कितीतरी नर्तकींची नावं लिहिलेली सापडतात. ठेवताना हे टुटू उलटे किंवा चळत लावून ठेवतात. नेहमीच्या कपड्यांसारखे टांगले तर थर स्वतःच्या वजनाने लोंबतात.

या मेहनतीतून प्रेक्षकाला मिळतं काय? कथकमधल्या घुंगरांकडे पाहिलं तर याचं उत्तर चटकन हाती येतं. घुंगरू हे पायातलं दागिन्यासारखं दिसणारं, पण खरं म्हणजे पदन्यास कानाला मोजून देणारं साधन आहे. एक आघात चुकला तर घुंगरू तो लपवत नाहीत. टुटूची थाळी हेच काम डोळ्यांसाठी करते. खुबे समपातळीत असतील तर थाळी आडवी राहते. एक खुबा जरा उचलला गेला की थाळीची एक बाजू वर जाते, आणि शेवटच्या रांगेतल्या प्रेक्षकालाही ते दिसतं. गिरकीचा अक्ष ढळला तर थाळी डगमगते. एक पाय मागे उंच नेऊन शरीर पुढे झुकतं, तेव्हा मागची कड वर चढत जाते आणि कमरेतला कोन स्पष्ट होतो. तिच्यामुळे शरीराचे दोन भाग पडतात. वर शांत चेहरा आणि सावकाश फिरणारे हात, खाली यंत्राच्या अचूकतेने चाललेले पाय. हे दोन वेग एकाच शरीरात एकाच वेळी पाहणं हा शास्त्रीय बॅलेचा मोठा आनंद आहे. ‘स्वान लेक’मध्ये हंसिनींच्या रांगा येतात तेव्हा थाळ्यांच्या कडांची एकच रेघ मंचभर उमटते आणि सगळ्यांच्या पावलांबरोबर तीही एकाच वेळी थरथरते. पुरुष जोडीदाराला मात्र या थाळीमुळे दुरून काम करावं लागतं. नर्तकीचे पाय त्याला दिसत नाहीत, तोल हातांनीच ओळखावा लागतो. म्हणून तर मोठ्या कंपन्यांत तालमीसाठी सरावाचे वेगळे टुटू असतात.

यावर दुसरा आक्षेप येतो: हे सगळं तंत्राचं बोलणं ठीक, पण घाघरा वर गेला तो पुरुषांच्या नजरेसाठी. या आक्षेपात तथ्य आहे आणि ते झाकण्याचं कारण नाही. 1831 मध्ये पॅरिस ऑपेराचा कारभार हाती घेतलेल्या लुई व्हेरॉनने नर्तकींच्या विश्रामकक्षाची दारं धनिक वर्गणीदारांना उघडून दिली. गरीब घरांतल्या मुली आणि त्यांच्याभोवती घोटाळणारे काळ्या कोटातले प्रतिष्ठित पुरुष हे दगाच्या चित्रांत पडद्याच्या कडेला वारंवार दिसतात. टुटूचा इतिहास लिहिताना ही माणसं वगळली तर तो इतिहास खोटा होईल. तरी नजरेचं कारण एकट्याने पुरत नाही. पॅरिसमधली वर्गणीदारांची व्यवस्था ऐन भरात होती, तेव्हा तिथला घाघरा गुडघ्याच्या वर गेला नव्हता. तो निर्णायकपणे आखूड झाला तो पायांचं तंत्र जिथे पुढे गेलं तिथे, इटालियन नर्तकींच्या अंगावर. आणि नुसता देह दाखवणं हा हेतू असता तर टुटू कधीच बाद झाला असता, कारण विसाव्या शतकात अंगाला चिकटून बसणारे लिओटार्ड आले, आणि देह तर त्यांत टुटूपेक्षा कितीतरी जास्त उघड दिसतो. तरीही थाळी उरली. नजरेची भूक आणि नाचाची गरज दोन्ही एकाच वस्त्रावर काम करत होत्या, पण भूक भागवायला दुसरे पोशाख आल्यावरही जी मागणी शिल्लक राहिली ती नाचाची होती.

तिसरा आक्षेप खुद्द नर्तकांनीच घेतला आहे. इझाडोरा डंकनने चोळीचा जाच, टोकदार चपला आणि टुटू सगळं नाकारलं आणि अनवाणी, सैल ग्रीक वळणाच्या वस्त्रात ती नाचली. नृत्यरचनाकार मिखाईल फोकिनने रशियन बॅलेतूनच हा प्रश्न विचारला: कथा इजिप्तची असो की मध्ययुगातली, नर्तकी टुटूतच का? 1910 च्या ‘फायरबर्ड’मध्ये नर्तकी तामारा कारसाविनाला वेशभूषाकार बाक्स्टने पौर्वात्य विजार दिली. फोकिनचं म्हणणं मला पटतं. पण याच फोकिनने अ‍ॅना पाव्हलोवासाठी ‘द डाइंग स्वान’ रचलं ते टुटूतच. त्या काही मिनिटांच्या नाचात एकही मोठी उडी नाही की गिरक्यांची माळ नाही; टोकांवरची बारीक, अखंड पावलं आणि हातांची फडफड एवढंच. शेवटी ती एका पायावर मिटत जमिनीवर बसते तेव्हा पिसांनी मढवलेला घेर तिच्याभोवती पंखासारखा मिटतो. इथे टुटू रीत म्हणून आलेला नाही, त्या हालचालीने त्याला बोलावलं आहे.

पाव्हलोवा भारतात आली ती 1922 मध्ये आणि पुन्हा त्या दशकाच्या शेवटी. मुंबईतही तिचे प्रयोग झाले. अजिंठ्याच्या भित्तिचित्रांवरून सुचलेलं बॅले तिने 1923 मध्ये लंडनला कॉव्हेंट गार्डनमध्ये सादर केलं आणि उदय शंकर यांच्यासोबत राधा-कृष्णाचा नाच केला, तेव्हा टुटू बाजूला ठेवून ती भारतीय वेशात उभी राहिली. तिने रुक्मिणीदेवी अरुंडेल यांना स्वतःच्या परंपरेकडे वळायला सांगितलं, हे प्रसिद्ध आहे. मुंबईत राहणाऱ्या लीला सोखी यांनाही तिचं प्रोत्साहन मिळालं. त्या पुढे मॅडम मेनका म्हणून कथक नृत्यनाट्यांसाठी गाजल्या आणि खंडाळ्याला त्यांनी नृत्यालयम ही संस्था काढली. टुटूची जगातली सर्वांत मोठी दूत असलेल्या बाईने इथल्या मुलींना टुटू घालायला सांगितलं नाही, याचं मला फार अप्रूप वाटतं. वस्त्र त्या-त्या नाचातूनच उगवायला हवं, ही समज तिच्याकडे होती.

नृत्यरचनाकार जॉर्ज बॅलँशिनने तर टुटूची परीक्षाच घेतली. 1946 च्या ‘द फोर टेम्परमेंट्स’चे अवजड पोशाख त्याने 1951 मध्ये काढून टाकले आणि नर्तकांना सरावाच्या साध्या कपड्यांत नाचवलं. नाच अधिकच स्वच्छ दिसला. मग टुटूची गरजच काय? पण त्याच सुमारास त्याच्यासाठी कपडे शिवणारी बार्बरा कारिन्स्का टुटूचीच फेररचना करत होती. खार्किव्हला जन्मलेल्या कारिन्स्काला ‘जोन ऑफ आर्क’ चित्रपटाच्या वेशभूषेसाठी ऑस्कर मिळालं होतं. बॅलँशिनच्या ‘सिंफनी इन सी’च्या शेवटी पन्नासेक नर्तक एकदम मंचावर येतात. तारेची कडी असलेल्या थाळ्या तिथे एकमेकींवर आपटत, आणि एकदा धक्का बसला की पावलं थांबल्यावरही हिंदकळत राहत. 1950 मध्ये कारिन्स्काने कडंच काढून टाकलं. आखूड, मऊ जाळीचे सहा-सात थर, लांबी मुद्दाम थोडी असमान, आणि टाके इतके सैल की घेर पावडर लावायच्या पफसारखा फुललेला राहावा. पाय आणखी लांब दिसू लागले आणि गर्दीतली हालचाल निर्धोक झाली. 1967 च्या ‘ज्वेल्स’मध्ये या दोघांनी आपली भूमिका एकाच संध्याकाळी मांडून दाखवली. फोरेच्या संगीतावरच्या ‘एमराल्ड्स’ला लांब रोमँटिक घेर, स्त्राविन्स्कीच्या तुटक लयींवरच्या ‘रूबीज’ला आखूड झालरी, चायकोव्हस्कीच्या भव्यतेवरच्या ‘डायमंड्स’ला शास्त्रीय टुटू. संगीत बदललं, पावलं बदलली, म्हणून घेर बदलला. टुटू काढता येतो हे बॅलँशिनने सिद्ध केलं हे खरं, पण तो कधी काढायचा आणि कधी ठेवायचा हेही त्यानेच दाखवलं.

राहता राहिला तो आजचा आक्षेप: टुटू म्हणजे गोरी, कृश, एकाच साच्यातली मुलगी. बॅलेच्या संस्थांनी दीर्घ काळ हा साचा राखला, यात वाद नाही, आणि त्याची किंमत अनेक मुलींच्या शरीरांनी व मनांनी चुकवली आहे. पण हा साचा जाळीत शिवलेला नाही, तो निवड करणाऱ्यांच्या डोक्यात आहे. आर्थर मिचेल आणि कॅरेल शुक यांनी 1969 मध्ये स्थापन केलेल्या डान्स थिएटर ऑफ हार्लेमने नर्तकींना गुलाबी पायमोज्यांऐवजी जिच्या-तिच्या त्वचेच्या रंगाचे मोजे आणि चपला दिल्या. यामागे स्वाभिमान होताच, पण नाचाचं कारणही होतं: टुटूखालून निघणाऱ्या पायाची रेघ खांद्यांच्या आणि हातांच्या रंगाशी जुळली तर शरीर सलग दिसतं, नाहीतर कमरेपाशी तुटतं. 1984 मध्ये त्यांनी ‘जिझेल’ लुइझियानाच्या क्रिओल समाजात नेऊन बसवलं. न्यूयॉर्कमध्ये 1974 मध्ये सुरू झालेल्या ‘ले बॅले त्रोकादेरो द मोंते कार्लो’मध्ये पुरुषच टुटू घालून टोकांवर नाचतात. प्रेक्षक आधी हसतात, पण रुंद खांद्यांचा नर्तक ते फुएते नेटाने पुरे करतो तेव्हा हसू थांबून टाळ्या सुरू होतात. थाळी त्याचंही तंत्र तितक्याच निष्ठुरपणे उघड करते. उलट नृत्यरचनाकार मॅथ्यू बोर्नने 1995 मध्ये ‘स्वान लेक’मध्ये पुरुष हंस आणले तेव्हा टुटू वर्ज्य करून त्यांना झिरमिळ्यांच्या विजारी दिल्या. त्याचे हंस हिंस्र होते, जमिनीला धरून नाचणारे होते, आणि त्या नाचाला थाळीचा उपयोग नव्हता.

नृत्यरचनाकार विल्यम फोर्साइथने 1996 मध्ये फ्रँकफर्टला ‘द व्हर्टिजिनस थ्रिल ऑफ एक्झॅक्टिट्यूड’ रचलं. शूबर्टच्या नवव्या सिंफनीचा शेवटचा भाग, तीन स्त्रिया, दोन पुरुष, आणि श्वास घ्यायला उसंत न देणारी सुमारे अकरा मिनिटं. स्टीफन गॅलोवेने स्त्रियांसाठी पोपटी रंगाचे टुटू केले, ज्यांत जाळीच्या थरांची झालर नाही, पिसं नाहीत, चमक नाही. कमरेभोवती एक सपाट, कडक चकती तेवढी आहे. परी, चंद्रप्रकाश, हंस, सगळं गळून गेलं आहे. त्या वेगात वळण नेमकं कुठे सुरू झालं, खुबा कधी फिरला, तोल कोणत्या पायावरून कोणत्या पायावर गेला, हे मात्र त्या चकतीच्या कडेमुळे लख्ख दिसतं, आणि माझ्या मते फोर्साइथने ती ठेवली ती एवढ्याचसाठी.